अर्ज पर्समध्ये घडी करून ठेवलाय

या वेळेस तीन पत्रं घेतलीयत आणि तिन्ही काम थांबवण्याबद्दलची आहेत. ठरवून नाही घेतली. पोळा झाला की अशी पत्रं वाढतात असा माझा अनुभव आहे, का ते देव जाणे. पहिलं पत्र लांबलचक होतं म्हणून उत्तरबी लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार. मी आरोग्य सेविका आहे, अंबाजोगाई तालुक्यात एका उपकेंद्राला. १९९४ ला लागले, आता ५५ पूर्ण झाले, म्हणजे नियमानं ५८ ला रिटायर व्हायला अजून तीन वर्षं आहेत. माझ्याकडं पाच गावं आणि दोन तांडे. गुडघे गेलेत, स्कूटीवरून उतरले की पहिली दोन पावलं भिंतीला धरून टाकते. त्यात आता एकच बाळ तीन ठिकाणी भरायचं, रजिस्टरला भरा, ॲपला भरा, मीटिंगच्या तक्त्यात भरा, नेट नसलं की रात्री घरी बसून भरा. व्हीआरएसचा, म्हणजे मुदतीआधी स्वतःहून रिटायर व्हायचा, अर्ज मी मागच्या दिवाळीलाच लिहिला, पर्समध्ये घडी करून ठेवलाय, तालुक्याला मीटिंगला गेले की दर वेळेस वाटतं आज देऊन टाकावा आणि तसाच परत घेऊन येते. घडीवर कागद फाटायला आलाय.

पैशाचं म्हणाल तर घराचे हप्ते संपलेत, मुलीचं लग्न झालं, मुलगा पुण्याला आहे. आमच्या ह्यांची तीन एकर सोयाबीन, त्यात काय भागतं तुम्हाला माहितीच आहे. सूनबाईची रजा पुढल्या महिन्यात संपतीय, बाळ पाच महिन्यांचं आहे.

पण ताई खरं सांगू का, भीती वाटायलीय. लसीकरणाच्या दिवशी सकाळी आइसपॅक बाहेर काढून ठेवायचे, जरा सुटले की एकेक कानाजवळ नेऊन हलवायचा, आत पाण्याचा आवाज आला की मगच कॅरियरमध्ये लावायचा, नाहीतर पेंटाची लस गोठून वाया जाती. हे मी इतक्यांदा केलंय की परवा घरी फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढला तर तोबी कानाला लावला, आमचे हे हसायले. पोलिओच्या डोसला मी तांड्यावर पायी गेलेय, ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमध्ये चढून लेकरांच्या तोंडात थेंब टाकलेत. ज्या पोरींना मी बीसीजी दिली त्या पोरी आता गरोदर होऊन माझ्याकडंच नाव नोंदवायला यायल्यात. गावात माझं नाव कुणालाच माहीत नाही, सगळे सिस्टर म्हणतात. अर्ज दिला की मग मी कोण? आणि इतकी भीती वाटती म्हणजे माझा निर्णयच चुकायलाय का? रात्री दोनला जाग येती, मग पाचपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

— एक सिस्टर, ता. अंबाजोगाई

उत्तर

सिस्टर, (पत्राखाली नाव होतं तुमचं, तरी मीबी सिस्टरच म्हणते, दुसरं काही लिहायला हातच वळंना.)

भीती वाटती म्हणजे निर्णय चुकला असं असतं ना, तर १९९४ ला पहिल्यांदा एकटीनं बाळंतपण करायची वेळ आली तेव्हाच तुम्ही बॅग उचलून माहेरी गेला असता. एकतीस वर्षं ज्या कामाला सकाळी उठलात ते सोडायचं म्हणल्यावर धडधड होणारच, त्याचा न्याय-निवाड्याला उपयोग करू नका. रात्री दोनची जाग मात्र मला वेगळी वाटती. बीपीचं मशीन तुमच्याच टेबलावर असतं, अख्ख्या गावाचं मोजता, चार दिवस स्वतःचं मोजा, शुगर बघा, पाळी जायचं वय आहे तेबी डॉक्टरांना सांगा. हे आधी करा, अर्ज कुठं पळून चाललाय, दिवाळीपासून पर्समध्येच आहे की.

आता पैशाचं उरकून घेते, कारण ते एका दुपारीत कागदावर बसतं आणि एकदा बसलं की रात्री त्याच्यासाठी जागायची गरज नाही. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात म्हणजे जुनी पेन्शन, तेवढी तुमची पिढी नशीबवान. मूळ वेतन तुम्ही लिहिलं नाही, मी ६०,४०० धरते, तुम्ही तुमच्या पगारपत्रकावरचा आकडा घालून गणित परत करा. निम्मी पेन्शन म्हणजे ३०,२००, वर महागाई भत्ता. ५८ पर्यंत थांबलात तर आणखी तीन इन्क्रिमेंट, मूळ वेतन जाईल ६६,००० वर, पेन्शन होईल ३३,०००. म्हणजे जन्मभराचा फरक महिन्याला २,८०० आणि त्यावरचा भत्ता. शिवाय आत्ता सोडलं तर तीन वर्षांचा अख्खा पगार हातचा जातो, खरा मोठा आकडा तो आहे, तो लिहा कागदावर, टाळू नका. ग्रॅच्युइटीला ३३ वर्षांपर्यंतची सर्व्हिस धरतात, तुमची ३१ झाली, तिथंबी थोडं कमी पडंल. हे सगळं बघून जर वाटलं की बाई, गुडघ्यांपुढं हे काहीच नाही, तर पैशाचा विषय तिथं मिटला.

पेन्शन विकायची का हा दुसरा प्रश्न तुम्हाला सगळे विचारतील. ४० टक्क्यांपर्यंत विकता येते, तुमच्या वयाला वरच्या आकड्यावर साधारण बारा-साडेबारा लाख एकरकमी येतात आणि मूळ पेन्शन उरते १८,१२०. पण महागाई भत्ता पूर्ण ३०,२०० वरच मिळत राहतो हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, आणि १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन परत चालू होते. मी ३४ वर्षं पोस्टाच्या काउंटरला होते म्हणून पुढचं जरा ठासून सांगते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० च्या पुढच्यांसाठी असली तरी व्हीआरएसवाल्यांना ५५ पासून चालते, अट एवढीच की रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरायचे. सध्या ८.२ टक्के व्याज आहे, १२ लाख टाकले तर दर तिमाहीला २४,६०० खात्यावर. मुदत गेली की ६० होईपर्यंत बसा. मुदत गेल्यावर आलेली माणसं मी काउंटरच्या पलीकडं पुष्कळ बघितलीत, आणि मधल्या काळात पैसा गेला कुठं विचारलं की उत्तर ठरलेलं, पोराला प्लॉट घेऊन दिला.

पोरावरून आठवलं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आइसपॅकवर चांगल्या सहा ओळी आहेत आणि पुण्यावर एक. सूनबाईची रजा संपतीय, बाळ पाच महिन्यांचं आहे. बस, पुढं काहीच नाही, ते तिथंच टाकून तुम्ही लगेच 'पण ताई खरं सांगू का' वर गेलात. मी म्हणते खरं तर तिथंच होतं. तुम्हाला कुणी पुण्याला बोलवायलंय का? सरळ तोंडानं बोलवलंय, का फोनवर नुसतं 'कसं करावं कळंना बगा आई' असं सूनबाई म्हणतीय आणि पुढचं तुम्हीच ऐकून घेतलंय? का लेकानं 'आई किती दिवस खपणार, सोड आता ती नोकरी' म्हणलंय? यात कुणाला दोष देत नाही मी, नातू सांभाळायला कुणाला आवडत नाही. पण गुडघे दुखतात म्हणून सोडणं निराळं आणि तिसऱ्या मजल्यावर पाच महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन दिवसभर उभं राहायला सोडणं निराळं. (तिसरा मजला मी आपला धरलाय, लिफ्ट असंल तर चांगलंच.) उपकेंद्राला निदान रविवार असतो.

आणि साधा हिशोब बघा. व्हीआरएसला तीन महिन्यांची नोटीस लागती. सूनबाईची रजा पुढल्या महिन्यात संपतीय. म्हणजे आज अर्ज दिला तरी तुम्ही वेळेवर पोचतच नाहीत! त्यांना पाळणाघर नाहीतर बाई बघावीच लागणार आहे, तुम्ही सोडा नाहीतर नका सोडू. तुमच्या नोकरीचा आणि त्या रजेचा सांधा कुणीतरी उगंच जुळवलाय, बहुतेक तुम्हीच.

मग करायचं काय. तुमची अर्जित रजा किती शिल्लक आहे ते सेवापुस्तकात बघून या. माझा अंदाज आहे ३०० दिवस कधीच भरलेत, कारण तुमच्यासारख्या बाया रजा घेतच नाहीत. रिटायर होताना जास्तीत जास्त ३०० दिवसांचे पैसे मिळतात, त्याच्या वरची रजा साठतच नाही, नुसती वाया जायलीय. तर पंचेचाळीस दिवसांची रजा टाका. साहेब कुरकुर करतील, करू द्या, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पहिले पंधरा दिवस पुण्याला जा, त्या पोरांची घडी बसवून द्या, पाळणाघर बघायला सोबत जा, आणि परतीच्या गाडीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. तिकीट काढलेलं सगळ्यांना दिसंल असं फ्रिजवर लावा म्हणते मी, हसू नका.

उरलेला महिना स्वतःच्या घरी. हा खरा महिना. युनिफॉर्मची साडी घडी घालून वर ठेवायची, स्कूटीची चावी ह्यांच्याकडं, आणि घरी राहून बघायचं. लसीकरणाचा दिवस येईल तेव्हा काय होतं ते बघा. दुसऱ्या सिस्टरकडं चार्ज असंल, तिचा फोन येईल, अमक्या घरचं लेकरू कुठंय, तमका तांडा कधी परत येतो, ते सांगा. पण उठून जाऊ नका. त्या दिवशी घरात बसून जर जीव नुसता तळमळला तर ५८ पर्यंत थांबा, गुडघ्यांचं डॉक्टरांना दाखवून काही बघता येईल, आणि जर दुपारी दोनला लक्षात आलं की अरे आज लसीकरण होतं आणि आपण तर विसरूनच गेलो, तर मग पर्समधला कागद फेअर करून लिहायला घ्या. मला स्वतःला वाटतंय दोन्हीच्या मधलंच काहीतरी होईल. सकाळी तळमळ, संध्याकाळी बरं.

माझं सांगते. पोस्टात रोज सकाळी पहिलं काम म्हणजे शिक्क्यातली तारीख बदलायची आणि वहीत ठसा घेऊन बघायचं, नीट उमटला का, उलटा तर नाही ना. मी ५७ ला स्वतःहून सोडलं, तीन वर्षं आधी. लोकांचं, काउंटरचं, भांडणाचं, कशाचं काही वाटलं नाही मला, सुटले बाई म्हणलं. पण पहिला महिना मला तारीखच कळंना. वार कळायचा, शेजारी गुरुवारचा उपवास असायचा, तारीख मात्र गायब. दुकानदाराला विचारायचे, नातीला विचारायचे. एकदा लाइट बिलाची मुदत निघून गेली, आयुष्यात पहिल्यांदा. वेड लागतंय का काय असं वाटलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली ओट्याजवळ लावलं आणि सकाळी चहा ठेवला की पेन्सिलीनं त्या तारखेवर रेघ मारायला लागले. अजून मारते. तुमचा आइसपॅक कुठून ना कुठून असाच बाहेर येईल, त्याला काय पर्याय शोधायचा ते आत्ता नाही सांगता यायचं.

'मी कोण' चं उत्तर माझ्याकडं नाही, पण गाव तुम्हाला सिस्टरच म्हणणार आहे, कागदावर सही झाली म्हणून तोंडातला शब्द बदलत नसतो. आमच्या गल्लीतला कंपाउंडर रिटायर होऊन किती वर्षं झाली, अजून डॉक्टर म्हणतात त्याला. उलट भीती घ्यायची तर ती घ्या, दारात लोक येतील. बीपी बघा, सल्ला द्या, कुणाला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला न्यायचं तर सोबत जा, सगळं करा, फक्त घरी इंजेक्शन-सलाइन सुरू करू नका. चार पैसे सुटतात, लोकबी मागं लागतात, आणि एखाद्याला रिॲक्शन आली की एकतीस वर्षांचं नाव एका संध्याकाळी जातं. हे मी बघितलेलं आहे, जास्त लिहीत नाही.

आणखी दोन गोष्टी, अर्ज द्यायचाच ठरला तर. नोटीस एकदा दिली की परत घेता येते, पण रिटायर व्हायच्या तारखेच्या आत आणि नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यानं मंजूर केलं तरच, आपल्या मर्जीवर नसतं ते. म्हणून 'देऊन तर बघू' असं म्हणून देऊ नका, बघायचं ते रजेत बघा. दुसरं, नोटिशीच्या आधी सेवापुस्तक पहिल्या पानापासून स्वतः वाचा, नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, प्रत्येक वेतननिश्चितीची पडताळणी झाली का, नॉमिनी कोण आहे. लग्नाआधी लागलेल्या बायांचं नॉमिनेशन अजून वडिलांच्या नावावर सापडतं आणि वडील जाऊन दहा वर्षं झालेली असतात. पेन्शन सुरू व्हायला वेळ लागला तर तात्पुरती पेन्शन मागता येते, तरी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या.

रजा मंजूर झाली की कळवा. आणि पुण्याच्या तिकिटाचंबी.

प्रश्न

मी शेतकरी, वय ६९, जिल्हा हिंगोली, वसमतकडचा. सात एकर आहे, दोन एकर हळद बाकी सोयाबीन-तूर. मुलगा नांदेडला खाजगी नोकरीत, म्हणतो बाबा आता बास, बटईनं द्या नाहीतर माझ्या नावावर करा मी बघतो. नोकरदाराला तारीख असते, शेतकऱ्याला कोण रिटायर करणार? मागच्या वर्षी हळद शिजवताना चक्कर आली. थांबावं वाटतंय पण दुसऱ्याच्या हातात शेत दिलं तर उद्या आपलं राहील का नाही म्हणून भीती वाटते.

— एक वाचक, वसमत

उत्तर

काका, शेतकऱ्याला तारीख नसते असं कोण म्हणतं, पाडवा आहे की. सालगडी पाडव्याला लागतो, पाडव्याला सुटतो, मालकानंबी तोच दिवस धरावा. आत्ता हळद उभी असताना काही ठरवू नका, नऊ महिन्यांचं पीक मधेच दुसऱ्याच्या हवाली केलं की त्याचंबी मन लागत नाही आणि तुमचंबी बांधावरून हलत नाही. ही हळद निघू द्या, पण कढईपाशी तुम्ही उभं राहायचं नाही, रोजानं माणूस लावा आणि तुम्ही सावलीत बसून पोती मोजा. चक्करचं नांदेडला नाहीतर वसमतला दाखवलं का ते लिहिलं नाही तुम्ही. दाखवा.

बटईचं. तोंडी देऊ नका, कितीबी जवळचा असू द्या. एका सालापुरतं, पाडवा ते पाडवा, साध्या भाषेत लिहून घ्या, खत-बी कुणाचं, वाटा किती, दोन साक्षीदार. ई-पीक पाहणी तुमच्या नावानं तुम्हीच करा, पोराकडून मोबाईलवर करून घ्या पण करा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक तुमच्या नावानं लागंल. बटईदार दर दोन-तीन वर्षांनी बदलला तरी चालतो, राग येत नाही कुणाला, रीतच आहे.

मुलाच्या नावावर करायचं हे मात्र दहादा विचार करून. मुलगा वाईट असतो म्हणून नाही, त्याला मी ओळखतबी नाही. एक तर पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि त्याच्यावरचे राज्याचे नमो शेतकरीचे ६,००० तुम्हाला येत असतील, जमीन जिवंतपणी नावावर केली तर तुमचे बंद होतात आणि मुलाला सुरू होत नाहीत, कारण १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन त्या योजनेत धरत नाहीत, वारसानं आली तरच धरतात. आणि दुसरं, बक्षीसपत्र करायचंच झालं तर त्यात 'आईवडिलांचा सांभाळ करील' ही अट शब्दानं लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सोय आहे, सांभाळ केला नाही तर असं बक्षीसपत्र रद्द करायला अर्ज देता येतो, पण अट कागदात नसली की वकिलांचं फावतं. मुलाला हे बोलताना लाज वाटू देऊ नका. 'बघतो' म्हणतोय ना, तर एक साल बटईदारावर देखरेख करून दाखव म्हणा, दर रविवारी नांदेडहून येऊन. किती रविवार येतो ते मोजा.

आणि सातच्या सात एकर सोडू नका हो. एक एकर ठेवा. त्यात हळद नको, ती माणूस खाती. जोंधळा टाका, गुडघ्याएवढा होईपर्यंत काही मागत नाही, आणि हुरड्याला नातवंडं आली तर बसायला जागा राहील.

प्रश्न

ताई, आमचे हे जूनमध्ये हायस्कूलमधून रिटायर झाले. दिवसभर घरात. माझ्या मागं मागं स्वयंपाकघरात येतात, कुकरच्या शिट्ट्या मोजतात, 'डाळीला तीन पुरतात, तू पाच का घेतेस' म्हणतात. काल मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, तिखटाच्या डब्याला 'तिखट'. रिटायर ते झाले, घाबरून मी गेलेय. अजून किती दिवस असं?

— परभणीची एक गृहिणी

उत्तर

वहिनी, मास्तर माणूस, समोर चाळीस पोरं होती ती एकदम एकावर आली, ती एक म्हणजे तुम्ही. सहा महिने धरून चाला. रागावून ओरडलात तर रुसून बसतील आणि रुसलेला माणूस तर चोवीस तास घरात.

त्यांना घराबाहेरचं काम द्या आणि ते खरं असू द्या, उगंच पाठवल्यासारखं नको, मास्तरांना कळतं. लाइट बिल, गॅसचा नंबर, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा ते आत्तापासून डोक्यात घालून द्या, बाजाराची भाजी पूर्ण त्यांच्याकडं द्या, आणि निबर भेंडी आणली तरी पहिले दोन महिने काही बोलू नका. कॉलनीत दहावीची पोरं असतीलच, संध्याकाळी दोन तास गणित घ्यायला लावा, फी घेऊ द्या नाहीतर नका घेऊ, पण वर्ग भरला पाहिजे आणि तो तुमच्या हॉलमध्ये नको, मंदिराच्या ओट्यावर भरवा.

तुमच्या भीतीचं म्हणाल तर ती खरी आहे, सकाळी दहा ते पाच घर तुमचं होतं आणि ते विचारल्याशिवाय गेलं. दुपारी एक ते तीन स्वयंपाकघर बंद, मी झोपणार, असं सांगून टाका. झोप आली नाही तरी दार लावून पडा.

शिट्ट्यांचं विचाराल तर डाळ नवी असली आणि अर्धा तास भिजवली असली तर तीन पुरतात, तेवढं त्यांचं बरोबर आहे. पण हे त्यांना सांगू नका.